पंच्याण्णव

ठिपका अजून हिरवाच होता — मुगाच्या दाण्याएवढा, खिडकीच्या फळीवरच्या त्या पांढऱ्या खोक्याच्या कडेला, उन्हात जवळजवळ न दिसणारा — म्हणून इंद्रजीतने त्याच्यावर तळहाताची सावली धरली आणि पुन्हा वाकून पाहिलं. हिरवा. म्हणजे रात्री तो झोपलेला असताना खोक्याने त्याच्या छातीतल्या मशीनकडून सगळं काढून घेतलं होतं आणि ठाण्याच्या हॉस्पिटलात पोचवलंही होतं. म्हणजे आत्ता, इथून एवढ्या लांब, कुणाला तरी त्याच्या हृदयाची त्याच्यापेक्षा जास्त खबर होती. एरवी ह्या विचाराने त्याला धीर यायचा. आज नाही आला. आज अंगात कणकण होती, डोळ्यांच्या खोबणी आतून दुखत होत्या, आणि ही गोष्ट त्याने अजून कुणालाच सांगितली नव्हती — खोक्याला सोडून. खोक्याला सांगावं लागत नाही.

मागच्या खोलीत पौर्णिमा खोकली.

तो थांबला. खोकला संपेपर्यंत थांबायचं, मग विचारायचं, अशी आता सवयच झाली होती. ती अंगणवाडी सेविका. तापमापक घेऊन वैशाखरे गावातल्या आळ्या आणि वरचे पाडे तिनेच पालथे घातले होते — कुणाला ताप, कुणाला खोकला, कुणाच्या तोंडाची चव गेली — आणि चौदा एप्रिलची जयंती यंदाही घरातल्या घरात झाली, त्यानंतर दोन-चार दिवसांनी एका संध्याकाळी ती अंगणातच उभी राहिली, म्हणाली, मला पाणी बाहेरच द्या, माझीच चव गेली. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. घरीच राहा म्हणाले, बेड कुठेच नाहीत. आणि मिस्टर हार्टचे पेशंट ना, मग त्यांना तुमच्या वाऱ्यालाही उभं करू नका. तिने स्वतःच मागच्या खोलीत अंथरूण टाकलं आणि दार लोटून घेतलं.

“ऑक्सिजन किती?” त्याने दाराशी जाऊन विचारलं.

आतून थोड्या वेळाने आवाज आला. “पंच्याण्णव.” मग दम घेऊन, “तुमी गोळी घेतली ना?”

घेतली, तो म्हणाला. पेजेचं भांडं उंबऱ्याशी ठेवून मागे सरला. पंच्याण्णव म्हणजे बरंच की. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर कळवा, असं दवाखान्यात सांगितलं होतं.

ऊन ओट्यावर आलं तेव्हा फोन वाजला. हॉस्पिटलातली दिपिका — ज्यांच्या छातीत अशी मशिनं बसवली आहेत त्यांच्यावर लांबून लक्ष ठेवायचं तिचं काम. मास्कच्या वरचे डोळे सोडले तर त्याने तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. पूर्वी दर तीन महिन्यांनी ठाण्याला जाऊन मशीन दाखवावं लागे. साथ आली तसं ते बंद झालं, खोका घरी आला आणि दिपिका आवाजात राहायला लागली. तो आवाज इतरांशी भरभर बोलत असणार. त्याच्याशी मात्र सावकाश. त्याच्याशी सगळेच सावकाश बोलत.

“काका, दोन रात्री झोपेतसुद्धा तुमचे ठोके वाढलेले दिसतायत. ताप आहे का?”

“नाय,” तो म्हणाला.

शब्द तोंडातून निघून गेला. हो म्हटलं असतं तर ती, या, म्हणाली असती. आणि वरच्या आळीतली दोन माणसं त्या महिन्यात गाडीत बसून गेली होती, त्यांचे नुसते फोन परत आले होते. दिपिकाचा विश्वास बसला नसावा, कारण ती पुढे तापाबद्दलच बोलत राहिली. ताप आला की हृदय जोरात पळतं; हे पळणं तापाचं आहे की आजाराचं, ते मशीनला बहुतेक वेळा ओळखता येतं, पण कधी कधी फसतं आणि उगाच झटका देतं. पाणी पीत राहा, तापाची गोळी घ्या, पडून राहा. एक झटका बसला आणि बरं वाटलं तर फोन करा. लागोपाठ बसले तर मात्र कुणालाही न विचारता हॉस्पिटल गाठा.

“आणि काका, घाबरू नका,” ती शेवटी म्हणाली. “घाबरल्यानेही ठोके वाढतात.”

तो फोन हातात धरून तसाच बसला. ठोके वाढले की मशीनला संशय येणार. मशीनला संशय येईल ह्याची त्याला भीती वाटणार… आणि भीतीने पुन्हा ठोके. ह्यातून बाहेर पडायची जागा कुठे होती? घाबरायचं नाही — म्हणजे काय करायचं असतं माणसाने? आत कुठेतरी एक खुंटी असते का, पिळली की थांबणारी? तो कॉटवर आडवा झाला, डोळे मिटले, आणि डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढ्या त्या उंचवट्याकडे कान लावला. छातीकडे कान लावता येत नाही, पण तो लावायचा. मी ऐकतोय. दीड वर्ष झालं, मी दुसरं काही ऐकतच नाही. पौर्णिमा काही सांगत असते, मी मान हलवतो, आणि आत ऐकत असतो — हा एक, हा दुसरा, हा थोडा लवकर पडला का?

कारण झटका कसा असतो ते त्याला माहीत होतं.

मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता, खिडकीच्या आत, माइकसमोर. साथ यायच्या आधीची दिवाळी, फराळाच्या डब्यांनी आणि पोराबाळांनी भरलेले फलाट, आणि तो कल्याणच्या गाडीचा नंबर सांगत होता — सांगत होता आणि वाक्याच्या मध्येच कुणीतरी आतून, बरगड्यांच्या आतून, लाथ घातली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. माइक चालू होता. त्याची किंकाळी सगळ्या कर्ण्यांतून सगळ्या फलाटांवर गेली. नंतर त्याला कुणीतरी सांगितलं की बाहेर लोक हसले. त्यांना वाटलं माइक किंचाळला. पडल्या पडल्या त्याला दुसरा झटका बसला, आणि त्या दोघांच्या मधला तो वेळ… त्या वेळात त्याला कळलं होतं की दुसरा येणार आहे. मरण येईल असं त्याला वाटलंच नाही. दुसरा येईल असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, मशीनने तुम्हाला वाचवलं, आता बिनधास्त राहा, चाला, कामावर जा, संसार करा. त्याने मान हलवली. कामावर गेला, पण माइकसमोर पुन्हा बसला नाही. साहेबांनी त्याला आतल्या टेबलावर प्रवासाचे पास करायला दिले.

आणि बिनधास्त राहायचं सोडून त्याने हळू राहायला सुरुवात केली. चढ नको. वाद नको. भरलेली कळशी नको. गॅसची टाकी पौर्णिमा अंगणातून गडगडवत आत आणायची आणि तो दारात बाजूला उभा राहायचा. एका रात्री ती जवळ आली होती, तिने नुसता हात ठेवला होता त्याच्या पोटावर, आणि त्याच्या छातीत ठोके चढू लागले तसा तो उठून बसला. काय झालं? काय नाय. तिने नंतर विचारलं नाही. काही दिवसांनी तिचं अंथरूण कॉटपासून थोडं लांब पडायला लागलं, मग भिंतीशी. ह्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. बोलण्यातही ठोके वाढतात.

आई गेली तेव्हासुद्धा… येसूबाई सापगावला धाकट्या भावाकडे राहायची. पहाटे गेली. पौर्णिमाला पहाटेच कळलं, पण तिने त्याला आधी भाकरी खाऊ घातली, गोळी दिली, बसवलं, आणि म्हणाली, आईंना बरं नाय. चहा झाल्यावर म्हणाली, फारच बरं नाय. शहापूरच्या अलीकडे रिक्षात, हात हातात घेऊन — गेल्या. मरण त्याला असं तुकडे करून, पथ्याच्या जेवणासारखं भरवलं होतं तिने. आणि तो आईच्या पायाशी बसून रडायला लागला, अर्धं रडला, आणि थांबला. छातीकडे ध्यान गेलं म्हणून. उरलेलं रडणं कुठे गेलं? ते अजून आहेच की कुठेतरी…

दुपारी वारा सुटला. माळशेजच्या बाजूने धुळीचा लोट आला, पत्रे वाजले, आणि लाइट गेली. पंखा सावकाश थांबत गेला. इंद्रजीतने पहिल्यांदा खोक्याकडे पाहिलं. ठिपका नव्हता. लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने फोन पाहिला, एक दांडी होती, मग तीही गेली. आता त्याच्या हृदयावर कुणाचंच लक्ष नव्हतं. तो माठाकडे गेला. पाणी प्यायला तर माठातलं पाणी तोंडात कोमट लागलं — तापाने.

तेवढ्यात त्याला जाणवलं की बऱ्याच वेळात मागून खोकला आलेला नाही.

“पौर्णिमा.”

तो दाराशी गेला.

“पौर्णिमा, ऑक्सिजन किती?”

“…पंच्याण्णव,” आतून आलं. आवाज झोपेतला होता, आणि त्यापुढे ती काहीतरी पुटपुटली, कुण्या बारकीच्या मुलाचं वजन भरत नाही असं काहीसं. बारकी पाड्यावर राहते. पाच वर्षांपूर्वी तिचं मूल अंगणवाडीत होतं.

ग्लानी असेल. तापाची ग्लानी. तापाची गोळी द्यावी, एक तिला, एक आपणही घ्यावी… गोळ्या तिच्या कामाच्या पिशवीत असत. पिशवी पुढच्याच खोलीत खुंटीला होती, ती आजारी पडली त्या दिवसापासून तिथेच. त्याने चेन उघडली. मास्क, सॅनिटायझरची बाटली, गोळ्यांची पाकिटं, आणि तळाशी, रुमालात नीट गुंडाळलेला, बोटाला लावायचा तो चिमटा. ऑक्सिजन मोजायचा. सरकारी, दुसऱ्या बाईला सुपूर्द करायचा म्हणून पुसून ठेवलेला.

तो चिमटा हातात घेऊन उभा राहिला. घरात असला एकच होता. मग आत ती काय मोजत होती?

कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो कळलेलं पुरतं आत यायला. तिने काहीच मोजलं नव्हतं. सकाळी, दुपारी, रात्री तो दाराबाहेरून विचारत होता आणि ती दम एकवटून एक आकडा सांगत होती, त्याच्या हृदयाला बाधणार नाही असा आकडा. येसूबाई गेली त्या दिवशी जशी भाकरी वाढली होती, तसा.

त्याने दार ढकललं. खोलीत तापाचा, घामाचा, बंद हवेचा वास कोंडला होता. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिची पाठ भराभर वरखाली होत होती, वाटेवर धावून दमलेल्या कुत्र्यासारखी — ही उपमा मनात आली त्याची त्याला लाज वाटली. पेजेचं भांडं तसंच होतं. तो तिच्याजवळ बसला, तिचं बोट हातात घेतलं, चिमटा लावला. नखं निळसर दिसत होती. आकडे लुकलुकले, बदलले, थांबले. ऐंशीच्या जरा वर.

तिने डोळे उघडले. त्याला बघून ओठ हलले, लांब व्हा, असं असावं. मग म्हणाली, “किती?”

“पंच्याण्णव,” इंद्रजीत म्हणाला.

फोनला दांडी नव्हती. गाडी होती ती भगीरथकडे, भाजी वाहायचा टेम्पो, आणि भगीरथ राहायचा वर, रस्त्याला लागून. मध्ये ओढ्यापासूनचा सगळा चढ. तो पुढच्या खोलीत आला, चपला घातल्या, आणि उंबऱ्यावर बसला.

बसला. कारण अंगात ताप होता, ठोके आधीच चढलेले होते, चढावर ते आणखी चढणार, आणि मग वाटेतच तो झटका. मग दुसरा. आपण वाटेत पडलो तर तिला कोण बघणार? लाइट येईल. लाइट आली की टॉवर येईल, फोन लागेल. थोडं थांबणंच शहाणपणाचं… सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट खोटी नव्हती. दीड वर्ष तो अशाच बरोबर गोष्टींच्या आधाराने बसून होता. आतून श्वास ऐकू येत होता, कागद चुरगळल्यासारखा. लाइट येईल — पण कधी? आणि तोवर हा कागद… त्याची बोटं मनगटावरची नाडी शोधत होती. ती त्याने तिथून उचलली, अक्षरशः दुसऱ्या हाताने उचलली, आणि तो उठला.

ओढा कोरडा होता. दगडांवरून तो चालला, मग चढ लागला तसा भराभर चालला, मग चालणं आणि पळणं ह्यांच्या मधलं काहीतरी. ऊन पाठीवर होतं. ठोके कानांत आले. घशात आले. आता, त्याला वाटलं. आता बसेल. करवंदीच्या जाळीपर्यंत बसेल. तिथे पडलो तर डोकं दगडावर नाही आपटणार. जाळी मागे गेली. मग मोहाच्या झाडाशी. तिथे सावली आहे, तिथे पडलो तर कुणाला तरी दिसेन. मोहही मागे गेला. प्रत्येक पावलाला तो झटक्याला जागा करून देत होता आणि झटका येत नव्हता, आणि न आल्याने भीती कमी होत नव्हती, वाढत होती, पातेल्यात दूध वर यावं तशी काठापर्यंत — आणि पाय चालत होते. हे त्याला नवीन होतं. भीती असताना पाय चालतात हे. मी घाबरलोय, तो मोठ्याने म्हणाला, वाटेवर कुणी नसताना, मी घाबरलोय, मी घाबरलोय, आणि त्या शब्दांच्या ठेक्यावर चढ चढत राहिला.

भगीरथ ओट्यावर बसला होता. ह्याला येताना पाहून तो उठला आणि तोंडाला टॉवेल लावून दोन पावलं मागे गेला. इंद्रजीतला बोलता येईना. गुडघ्यांवर हात टेकून त्याने नुसता खाली, ओढ्याकडे हात दाखवला.

“पौर्णिमावयनी?”

त्याने मान हलवली. भगीरथने दाराकडे पाहिलं. दारात त्याची सून तान्हं घेऊन उभी होती. मग त्याने टेम्पोकडे पाहिलं. ह्या पाहण्यात जे काही होतं ते इंद्रजीतच्या इतकं ओळखीचं होतं की त्याला त्याचा राग येईना.

“मला पन भ्या वाटतंय रे,” भगीरथ म्हणाला. “पोर हाय घरात.” टॉवेलची गाठ त्याने मागे घट्ट बांधली. “मागं बसा तुमी दोगं. चल.”

टेम्पो लांबच्या कच्च्या रस्त्याने घरामागे आला. तिला उठवलं, बसवलं, उभं केलं. तिचा सगळा भार त्याच्यावर आला, तापलेला, ओला, आणि वाटलं होतं त्याहून हलका. किती दिवसांनी हे अंग आपल्याला लागतं आहे, हा विचार भलत्याच वेळी आला आणि गेला नाही. भाज्यांच्या मोकळ्या क्रेटांमध्ये गोधडी टाकून तो बसला आणि तिचं डोकं छातीशी घेतलं, डाव्या बाजूला, त्याच उंचवट्यावर. दुसरी जागाच नव्हती. मुरबाडच्या रस्त्यावर वळणावळणाला ती सरकायची, तो तिला वर घ्यायचा. तिचा श्वास त्याच्या गळ्यावर लागत होता. एक आला. मग पुढचा येईपर्यंत… आला. तो ऐकत होता. इतकं ऐकायची त्याला सवयच होती.

एकदा तिने डोळे उघडले. “तुमी चढलात?” तिने विचारलं.

“हो.”

ती काहीतरी बोलणार होती, पण खोकला आला.

मुरबाडच्या दवाखान्यात आवारभर माणसं होती, झाडाखाली, पायऱ्यांवर. पायघोळ प्लास्टिकमधल्या दोघांनी तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं. एकाने बोटाला चिमटा लावला, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि ते तिला धावतच आत घेऊन गेले. भगीरथ टेम्पोपाशी हात धुत राहिला, परत परत. खिडकीतल्या बाईने नाव, गाव विचारलं, मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, तुमचंही अंग तापलेलं दिसतंय, तुम्हाला काही दुसरा आजार?

इंद्रजीतला लगेच सांगता आलं नाही. म्हणजे शब्द माहीत होते, रोजचे होते. पण ते कुठल्या तरी दुसऱ्या माणसाबद्दलचे असल्यासारखे लांब उभे होते, आणि त्यांना बोलावून आणावं लागलं. ताप दोन दिवसांपासून आहे, तो म्हणाला. छातीत मशीन आहे. बाईने त्याला बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं, बघतील तुम्हालाही, म्हणाली. आणि आतलं? आतलं इतक्यात काही सांगता येणार नाही. ऑक्सिजन लावलाय.

तो बाकावर बसला. भीती होती. चढावर होती त्याहून कितीतरी मोठी होती. पण त्या भीतीला धरायला त्याच्या अंगात जागा सापडत नव्हती, ती बाहेर होती, त्या भिंतीच्या पलीकडे, आणि तिथे त्याला जाता येत नव्हतं. आत कुणाकुणाचे खोकले चालले होते. एक घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा. एक उथळ, न थांबणारा. एक… हा तिचा. तिचा खोकला शेवटी असा बारीक होतो. की नव्हता? पुन्हा येईपर्यंत त्याने श्वास रोखून धरला. दुसराच कुणीतरी खोकला, मग भांडं पडल्याचा आवाज आला, मग काही वेळ काहीच नाही. इंद्रजीत उठला आणि जाळीच्या खिडकीच्या आणखी जवळ जाऊन उभा राहिला.